१६ कोटींच्या इंजेक्शनमागचा विषाणू

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या फाटकावर काही महिने एका बाळाच्या फोटोचा बॅनर होता. खाली क्यूआर कोड आणि '१६ कोटींचं इंजेक्शन' हे शब्द. त्या बाळाला मी मांडीवर घेतलंय. नजर तरतरीत, हसायचंही पटकन. पण पाय बेडकासारखे फाकून पडलेले आणि तोंड उघडलं की जिभेवर बारीक थरथर. आजार एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. एसएमएन-१ हे जनुक निकामी असल्याने स्नायूंना हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. आजाराचा पहिला प्रकार असेल आणि उपचार मिळाले नाहीत, तर बहुतेक मुलं श्वासाच्या यंत्राशिवाय दोन वर्षंही काढत नाहीत.

औषधाची किंमत सगळ्या सोसायटीला पाठ झाली. त्यामागची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, आणि ती सांगायलाच हवी असं मला वाटतं.

एसएमएन-१ जनुक १९९५ साली फ्रान्समध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या चमूने शोधलं. प्रश्न होता चांगलं जनुक पेशीत पोचवायचं कसं. विषाणूला पेशीत शिरता येतं, म्हणून त्याच्यातली स्वतःची जनुकं काढून आपलं भरायचं, ही कल्पना. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जेम्स विल्सन या क्षेत्रातलं मोठं नाव होतं. सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांच्या संस्थेतल्या चाचणीत जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला. त्याला यकृताचा जन्मजात आजार होता, पण पथ्य आणि गोळ्यांवर तो बरा चालला होता. अशाच आजाराच्या बाळांना पुढे उपयोग व्हावा म्हणून तो चाचणीत उतरला. जनुक भरलेला अॅडिनोव्हायरस, म्हणजे सर्दीसारखे आजार करणाऱ्या गटातला विषाणू, यकृताच्या धमनीत सोडला आणि चार दिवसांत प्रतिकारशक्तीच्या वणव्यात तो गेला. चौकशीत गंभीर त्रुटी निघाल्या. विल्सन यांचे आर्थिक हितसंबंधही गुंतलेले होते. माणसांवरच्या चाचण्या चालवायला त्यांना २०१० पर्यंत मनाई झाली. हा डाग लहान नाही, आणि पुढच्या कामाने तो पुसला जातो असं मी मानत नाही.

पण प्रयोगशाळा त्यांनी सोडली नाही. कमी भडका उडवणारा विषाणू शोधायला ते एएव्हीकडे (अॅडिनो-असोसिएटेड व्हायरस) वळले. हा इवलासा विषाणू १९६५ मध्ये अॅडिनोव्हायरसच्या नमुन्यांतच भेसळीसारखा सापडला होता. त्याने आजार होत असल्याचं दिसलेलं नाही. माकडांच्या आणि माणसांच्या ऊतींतून विल्सन यांच्या चमूने त्याचे नवे प्रकार वेगळे केले. २००४ मध्ये जाहीर झालेला एएव्ही-९ त्यातलाच. २००९ मध्ये ओहायोतल्या ब्रायन कास्पर यांच्या चमूने दाखवलं की तो शिरेतून दिला तरी रक्तातल्या गोष्टी मेंदू आणि मज्जारज्जूपासून रोखणारा रक्त-मेंदू अडथळा ओलांडून नवजात उंदरांच्या मज्जारज्जूपर्यंत पोचतो. कवटी उघडायला नको, सुई मेंदूत घालायला नको. मला हा सगळ्या गोष्टीचा कणा वाटतो. याच एएव्ही-९ मध्ये चांगलं एसएमएन-१ जनुक भरून औषध बनलं. २०१७ मध्ये एसएमएच्या पहिल्या प्रकारच्या १५ मुलांवरच्या त्याच्या चाचणीचे निकाल आले: २० महिन्यांच्या वयाला सगळी जिवंत, यंत्राशिवाय श्वास घेणारी. जास्त मात्रेच्या १२ पैकी ११ आधाराशिवाय बसली, दोन चालली. २०१९ मध्ये औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

लोक इंजेक्शन म्हणतात, पण ते तासभर शिरेतून सोडतात. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे ११० लाख कोटी विषाणूकण. इतक्या मोठ्या मात्रेबद्दल इशारा दिला तो पुन्हा विल्सन यांनीच. २०१८ मध्ये त्यांनी माकडं आणि डुकराच्या पिल्लांमध्ये यकृताची आणि मज्जातंतूंची हानी झाल्याचं प्रसिद्ध केलं. स्वतःच उभ्या केलेल्या साधनाविरुद्ध पुरावा मांडायला जे लागतं, ते १९९९ ने त्यांना शिकवलं असावं.

आमच्या बाळाला अखेर औषध मिळालं. त्यानंतर रोज स्टेरॉइडचं कडू सिरप आणि पहिला महिनाभर दर आठवड्याला यकृताची रक्ततपासणी. संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला की त्याचे बाबा जिन्यातच थांबायचे, आधी यकृताला इजा झाली की वाढणारा एसजीपीटीचा आकडा बघायचे आणि मगच वर जायचे.