कामे गेली, तरी बेरोजगारी घटली कशी?

बेरोजगारी घटल्याचा मथळा वाचला की मला १ मे २०२० ची रात्र आठवते. त्या रात्री नाशिक रोडहून स्थलांतरित मजुरांना घेऊन भोपाळची विशेष गाडी सुटली. त्याआधीचे कित्येक दिवस मुंबई-आग्रा महामार्गावर डोक्यावर बोचकी घेतलेली कुटुंबे पायी निघाली होती. तरीही केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात देशाचा वार्षिक बेरोजगारी दर २०१८-१९ मधील ५.८ टक्क्यांवरून २०१९-२० मध्ये ४.८ आणि पुढच्या वर्षी ४.२ टक्क्यांवर उतरला. हे आकडे बनावट आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण कोडे मोजणीच्या व्याख्येतच सुटते.

सर्वेक्षणाच्या भाषेत बेरोजगार म्हणजे ज्याला काम नाही आणि जो ते शोधतो आहे किंवा करायला उपलब्ध आहे. काम करणारे आणि असे बेरोजगार मिळून श्रमबल होते व दर त्यावरच काढतात. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत श्रमबलात १०० जण आहेत असे समजा : ९२ कामावर, ८ बेरोजगार. टाळेबंदीत २० जणांचे काम सुटले. त्यांपैकी १२ जण निफाड-दिंडोरीकडे घरच्या द्राक्षबागेत राबू लागले. मजुरी मिळत नसली तरी घरच्या शेतीतला मदतनीस ‘रोजगारात’ धरला जातो. उरलेले ८ जण, बहुधा शाळा बंद झाल्यामुळे मुलांपाशी थांबलेल्या बाया, श्रमबलाबाहेर गेल्या. आधीच्या ८ बेरोजगारांपैकी तिघांनीही नाद सोडला. आता कामावर ८४, बेरोजगार ५, श्रमबल ८९. वीस जणांचा रोजगार बुडाला आणि दर ८ वरून ५.६ टक्क्यांवर आला! देशातही २०१८-१९ ते २०१९-२० या एका वर्षात शेतीतील रोजगाराचा वाटा ४२.५ वरून ४५.६ टक्क्यांवर गेला.

वार्षिक दर मागच्या ३६५ दिवसांकडे पाहतो, म्हणून मार्च २०२० मध्ये काम गेलेला माणूसही आधीच्या महिन्यांच्या बळावर रोजगारात राहतो. किंबहुना वर्षभर काम शोधणाऱ्याने जोडकाम म्हणून ३० दिवस काही केले, तरी तो बेरोजगारांतून वगळला जातो. याच सर्वेक्षणातली साप्ताहिक मोजणी मागचे सात दिवसच पाहते, त्यामुळे तिने धक्का नेमका टिपला : एप्रिल-जून २०२० मध्ये शहरी दर सुमारे २१ टक्के होता, आधीच्या तिमाहीत सुमारे ९.

मात्र या मोजणीतही आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर काम केले की माणूस रोजगारात येतो आणि इथेच घरपोच जेवण पोहोचवण्याचे काम देणारे मोबाइल ॲप महत्त्वाचे ठरते. नाशिकच्या कॉलेज रोडवर हॉटेलांसमोर दुचाकी उभी करून पोरे ॲपवरचे आपले खाते (आयडी) चालू ठेवतात आणि ऑर्डर पडण्याची वाट पाहतात. पूर्वी काम सुटल्यावर लागणारा रिकामा काळ ॲपने काही दिवसांवर आणला, हे त्याचे खरे कर्तृत्व. नीती आयोगाने २०२२ मध्ये अशा सुटी, कामागणिक पैसे मिळणारी कामे करणाऱ्या ‘गिग’ कामगारांची २०२०-२१ मधील संख्या ७७ लाख असल्याचा अंदाज दिला. पण कारखान्यातला कायम कामगार आणि दिवसाला दोन ऑर्डर मिळालेला मुलगा या दराच्या लेखी सारखेच. सर्वेक्षणात कामाचे तासही विचारतात, पण मथळ्यात ते येत नाहीत.

‘घरबसल्या मोबाइलवरून लाखो कमवा’ असे सांगणाऱ्या जाहिराती आणि नोकरी गेली म्हणून पत्रिकेतला कालसर्पयोग दाखवणारे, दोघेही एकाच हतबलतेवर जगतात, याची मला फार चीड येते. कामगाराची कामे त्याच्या ग्रहांमुळे गेली नव्हती. २५ मार्च २०२० पासून कारखाने आणि वाहतूक बंद झाली होती.

म्हणून पुढच्या वेळी दराशेजारी तीन आकडे शोधावेत : शेतीचा वाटा, बिनमजुरीच्या मदतनिसांचे प्रमाण आणि आठवड्यातले कामाचे तास.