सीमासुरक्षा निधी विधेयक

सीमासुरक्षा निधी विधेयक : देशाच्या सीमेवरचा पहारा, कुंपण, चौक्या, रस्ते, टेहळणीची साधने आणि जवानांचे पगार यांसाठी सरकारी तिजोरीतून पैसा काढायला कायदेमंडळाची मंजुरी मागणारा प्रस्ताव. अमेरिकेत असे प्रस्ताव वेगळ्या विधेयकाच्या रूपाने येतात आणि त्यांवर निवडणुका लढवल्या जातात. भारतात या नावाचा स्वतंत्र कायदा नाही. हा पैसा दरवर्षी अर्थसंकल्पातून, गृहमंत्रालयाच्या मागण्यांमधून मंजूर होतो. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांना कोणत्याही परदेशाची सीमा लागत नाही. तरीही इथल्या खेड्यांचा या पैशाशी जवळचा संबंध आहे आणि तो मुख्यतः भरतीच्या वाटेने येतो.

वऱ्हाडात शेताच्या हद्दीला धुरा म्हणतात, गावाच्या हद्दीला शीव आणि देशाच्या हद्दीला सरळ ‘बॉर्डर’. राखण कशाने होते, हा प्रश्न मात्र तिन्ही ठिकाणी एकच आहे. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत रोही (नीलगायी) आणि रानडुकरे शेतात शिरतात म्हणून शेतकरी तारेचे कुंपण घालतो, सौरऊर्जेवरचे झटका यंत्र बसवतो, आणि तरीही रात्री जागलीला जातो. बॅटरी उतरते, तार ढिली पडते, डुक्कर खालून माती उकरते. तेव्हा माचाणावर माणूस असावा लागतो. कुंपणावर किती खर्च करायचा आणि जागल्यावर किती, हा हिशेब सीमेसाठीच्या प्रत्येक तरतुदीच्या मुळाशी असतो.

परकीय आक्रमणापासून प्रत्येक राज्याचे रक्षण करणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५५ नुसार केंद्राचे कर्तव्य आहे. त्यासाठीचा खर्च अनुच्छेद ११२ खालच्या वार्षिक वित्तीय विवरणपत्रात मांडला जातो. अनुदानाच्या मागण्या लोकसभेत मतास टाकल्या जातात (अनुच्छेद ११३) आणि शेवटी विनियोजन विधेयक मंजूर झाल्यावरच संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून पैसा निघतो (अनुच्छेद ११४). सीमेवरची दले गृहमंत्रालयाच्या ‘पोलीस’ या मागणीत येतात. गडचिरोलीत तळ ठोकून असलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाचा खर्चही त्याच मागणीत असतो, त्यामुळे राजस्थानच्या वाळवंटातला पहारा आणि भामरागडच्या जंगलातला तळ एकाच खात्यावर चालतात. संसदेची गृहविषयक स्थायी समिती या मागण्या तपासते. सभागृहात मात्र वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच एकत्र मतास टाकल्या जातात. याला ‘गिलोटीन’ म्हणतात आणि अनेक वर्षी गृहमंत्रालयाच्या मागण्याही अशाच मंजूर झालेल्या आहेत. लाखो जवानांच्या घरांशी निगडित असलेल्या रकमेवर सभागृहात शब्दही न निघणे ही खेदाची गोष्ट आहे.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सीमा सुरक्षा दलासाठी २८,२३१ कोटी रुपये, भारत-तिबेट सीमा पोलीस दलासाठी १०,३७० कोटी, सशस्त्र सीमा बलासाठी १०,२३७ कोटी आणि आसाम रायफल्ससाठी ८,२७४ कोटी रुपये ठेवले होते. कुंपण, दिवे, रस्ते, चौक्या यांसाठीच्या ‘सीमा पायाभूत सुविधा व व्यवस्थापन’ या शीर्षाखाली ५,५९७ कोटी रुपये होते. म्हणजे चार दलांचे मिळून सुमारे ५७ हजार कोटी, आणि त्याच्या एकदशांशाहून कमी बांधकामाला. दलांवरच्या खर्चात मोठा वाटा पगार-भत्त्यांचा असतो. बातम्यांत कुंपण आणि कॅमेरे झळकत असले, तरी भारताची सीमा आजही जागल्यांच्याच भरवशावर आहे.

ही व्यवस्था उभी करणारा माणूस विदर्भातला होता. खुसरो फरामुर्झ रुस्तमजी यांचा जन्म २२ मे १९१६ रोजी नागपूरजवळच्या कामठीत झाला. १९३८ मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या पोलीस सेवेत आले. पुढे पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी आणि मध्य प्रदेशच्या पोलीस दलाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. १९६५ पर्यंत पाकिस्तानलगतच्या सीमेवर त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस पहारा देत. एप्रिल १९६५ मध्ये कच्छमधल्या सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला, तेव्हा या विखुरलेल्या बंदोबस्ताची मर्यादा उघडी पडली. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल स्थापन झाले आणि रुस्तमजी त्याचे पहिले प्रमुख झाले. राज्याराज्यांच्या तुकड्या एकत्र आणून त्यांना एक शिस्त, एक गणवेश देण्याचे काम त्यांनी १९७४ पर्यंत केले. दलाचा स्वतःचा कायदा १९६८ मध्ये झाला. तोवर ते केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या १९४९ च्या कायद्यावर चालत होते. १९९१ मध्ये रुस्तमजींना पद्मविभूषण मिळाले. विदर्भाच्या शाळांमध्ये हे नाव आज जवळजवळ ऐकू येत नाही, ते यायला हवे.

कारगिल युद्धानंतरच्या फेरविचारातून ‘एक सीमा, एक दल’ हे धोरण आले : पाकिस्तान व बांगलादेशकडे सीमा सुरक्षा दल, चीनकडे भारत-तिबेट सीमा पोलीस, नेपाळ व भूतानकडे सशस्त्र सीमा बल, म्यानमारकडे आसाम रायफल्स. २०२५ चा स्थलांतर व परकीय नागरिक कायदा हा प्रवेश, नोंदणी व वास्तव्य यांचे नियमन करतो. त्याने जुने चार कायदे रद्द केले, पण तो निधीचा कायदा नाही.

अमेरिकेत २००६ च्या कायद्याने मेक्सिको सीमेवर सुमारे ७०० मैल कुंपणाला अधिकार दिला. पैसा वेगळ्या विधेयकातून द्यावा लागला. त्या सीमेवरच्या भिंतीसाठी मागितलेल्या ५.७ अब्ज डॉलरवरून डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ असे ३५ दिवस तिथले सरकारी कामकाज अंशतः बंद होते. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्यात भिंतीसाठी सुमारे ४६.५ अब्ज डॉलरची तरतूद झाली.

विदर्भातल्या खेड्यात सीमेवरच्या तरतुदीचा अर्थ ‘जागा किती निघाल्या’ असा होतो. १५ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या सात नव्या बटालियन मंजूर केल्या. त्यात ९,४०० पदे होती. त्याच दिवशी चीनलगतच्या गावांसाठी ४,८०० कोटींच्या ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रमालाही मंजुरी मिळाली. दुसऱ्या योजनेतला एक रुपयाही विदर्भाच्या गावाला मिळत नाही आणि ते रास्तच आहे. पहिल्या निर्णयाची बातमी मात्र इथे लगेच पोहोचते, कारण पहाटे पाचला डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे तिचीच वाट पाहत असतात.

कर्मचारी निवड आयोगाच्या ‘जीडी’ (जनरल ड्युटी, म्हणजे या दलांतल्या शिपाईपदाच्या) भरतीला दहावी पुरते. पुरुषांना २४ मिनिटांत ५ किलोमीटर, महिलांना साडेआठ मिनिटांत १.६ किलोमीटर धावायचे असते. पुरुषांसाठी उंची १७० सेंमी लागते. मराठा उमेदवारांना ती १६५, तर अनुसूचित जमातींना १६२.५ सेंमी आहे. मेळघाटातल्या कोरकू आणि गडचिरोलीतल्या गोंड तरुणांना ही सवलत मोलाची ठरते. जागांची वाटणी राज्यांच्या लोकसंख्येप्रमाणे होते, शिवाय सीमावर्ती आणि नक्षलप्रभावित जिल्ह्यांसाठी वेगळा वाटा असतो, म्हणून अधिवासाचा दाखला हाताशी ठेवावा लागतो. शारीरिक चाचणी काढणारी कितीतरी पोरे पूर्वी लेखी परीक्षेच्या इंग्रजी-हिंदीत अडकत. २०२४ पासून ही परीक्षा मराठीसह तेरा प्रादेशिक भाषांतही घेतली जाते. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या भागासाठी हा बदल कितीतरी कुंपणांहून मोठा आहे.

भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर, भद्रावती आणि अंबाझरी इथले दारूगोळ्याशी संबंधित कारखाने आणि पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार यांचा उल्लेख सीमेच्या संदर्भात नेहमी होतो. त्यांचा पैसा संरक्षण खात्याकडून येतो, गृहखात्याकडून नव्हे. तिथली जोखीम आसपासची गावे सोसतात : ३१ मे २०१६ ची पुलगावची आग आणि २४ जानेवारी २०२५ चा जवाहरनगरचा स्फोट या दोन्हींत माणसे गेली.

निवृत्तिवेतन हा या खर्चातला सर्वांत दुखरा भाग आहे. १ जानेवारी २००४ नंतर केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आलेल्या जवानांना जुनी पेन्शन नाही, भूदल-नौदल-हवाईदलाला ती कायम राहिली. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही दलेही सशस्त्र दलेच आहेत, त्यांना जुनी पेन्शन द्यावी, असा निकाल दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बुलढाण्यापासून गोंदियापर्यंत ज्या घरांत मुलगा ‘बॉर्डरवर’ आहे, तिथे अर्थसंकल्पाच्या दिवशी याच एका ओळीची चौकशी होते.