रात्री दोन वाजताचा मीटर

न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये संमत केलेल्या ‘लोकल लॉ ९७’ या कायद्याने २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना कार्बन उत्सर्जनाची वार्षिक मर्यादा घालून दिली. ती २०२४ पासून लागू झाली असून २०३० पासून आणखी कडक होणार आहे, आणि मर्यादेपलीकडच्या प्रत्येक टनामागे मालकाला २६८ डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. नेदरलँड्समध्ये २०२३ पासून, काही अपवाद वगळता, १०० चौरस मीटरहून मोठ्या कार्यालयाला किमान ‘सी’ ऊर्जा श्रेणी नसेल तर ते कार्यालय म्हणून वापरताच येत नाही.

असा नियम अंगावर आला की ‘कोणते यंत्र बसवू?’ असे मालक विचारतो. त्याआधीचा प्रश्न असा, की इमारतीत कुणी नसताना किती वीज जळते? दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवणारा मीटर असेल, तर एका आठवड्याचा आलेखही बरेच सांगून जातो. कार्यालयाच्या इमारतीत रात्री दोनचा भार दुपारच्या निम्म्याहूनही खाली येत नसेल आणि तिथे संगणकांचे मोठे सर्व्हर नसतील, तर काहीतरी विनाकारण चालू आहे असे समजावे. शोधू जाता कारणे बहुधा क्षुल्लक निघतात. कुठल्याशा कार्यक्रमासाठी वाढवलेली वातानुकूलनाची वेळ पूर्ववत करायची राहून गेलेली असते, किंवा एक यंत्र हवा थंड करत असते आणि पुढचा हीटर तीच हवा पुन्हा तापवत असतो. खोलीचे तापमान ठीक राहत असल्यामुळे तक्रार कुणीच करत नाही.

वातानुकूलनाची हवा इमारतभर ढकलणाऱ्या पंख्यांचे गणित तर फारच फायद्याचे आहे. पंख्याला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग ८० टक्क्यांवर आणला की ती जवळजवळ निम्मी होते. म्हणून झडप अर्धी मिटून हवा अडवण्यापेक्षा मोटारच हळू फिरवणे शहाणपणाचे.

उत्सर्जनाचा हिशेब मात्र एवढ्याने सुटत नाही, कारण तिथे किती ऊर्जा वापरली याइतकेच ती कशातून आली यालाही महत्त्व असते. न्यूयॉर्कच्या नियमांत विजेच्या एका युनिटमागे सध्या सुमारे ०.२९ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात आणि २०३० पासून ०.१४५ किलो धरतील, तर तेवढीच ऊर्जा देणाऱ्या नैसर्गिक वायूचे सुमारे ०.१८ किलो तसेच राहतील. बाहेरची उष्णता ओढून एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता आत आणणारा हीट पंप धरला, तर उष्णतेच्या एका युनिटमागे आज ०.१ किलोहून किंचित कमी आणि २०३० नंतर ०.०५ किलोच्या आसपास उत्सर्जन पडते. वायू जाळून इमारत तापवणारा बॉयलर कितीही चांगला असला तरी ०.१८ च्या खाली उतरू शकत नाही.

अडचण वेळेची असते. ऐन थंडीत बॉयलर बंद पडला की रहिवाशांना कुडकुडत ठेवता येत नाही, म्हणून घाईघाईने तसाच दुसरा बॉयलर बसतो आणि पुढची वीसएक वर्षे तोच चालतो. त्यामुळे वीजजोडणीची क्षमता पुरेल का, हीट पंप कुठे मावेल, खोल्या तापवणाऱ्या जुन्या रेडिएटरना त्याचे कमी तापमानाचे पाणी चालेल का, हे सगळे जुना बॉयलर धडधाकट असतानाच तपासून ठेवावे लागते.