पाण्याखाली दडवलेला चौथरा

स्मृतीवर परिणाम करणाऱ्या औषधांची परीक्षा ज्या उपकरणावर होते, आणि ज्याच्या काठाशी बडोद्यातील एका प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे घड्याळ घेऊन उभा राहिलो, ते दिसायला अगदी साधे आहे. सुमारे दीड मीटर व्यासाचा गोल हौद, त्यात पांढरे, अपारदर्शक केलेले पाणी आणि पृष्ठभागाच्या एक-दोन सेंटिमीटर खाली दडवलेला, बशीएवढा चौथरा. रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ही पद्धत १९८१ मध्ये प्रसिद्ध केली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

उंदराला पोहायला शिकवावे लागत नाही, परंतु पाण्यात राहणे त्याला आवडत नाही. पहिल्या दिवशी तो भिंतीला घासून गोल गोल फिरतो, नाक वर आणि मिशा थरथरत्या, आणि केवळ योगायोगाने पाय चौथऱ्याला लागला तर वर चढतो. साठ सेकंदांत चौथरा सापडला नाही, तर आपण हाताने त्याला तिथवर नेतो आणि काही वेळ वर बसू देतो. तेथे मागच्या पायांवर उभा राहून तो खोलीभर मान फिरवतो. माझ्या मते संपूर्ण प्रयोगातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. रोज चार वेळा, दर वेळी वेगळ्या बाजूने पाण्यात सोडलेला उंदीर चार-पाच दिवसांत जवळजवळ सरळ रेषेत चौथरा गाठू लागतो.

पाणीच का, असा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात येतो. अमेरिकेत विलर्ड स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये इंग्लंडमधील हॅम्प्टन कोर्टच्या बागेतील भूलभुलैयाच्या नमुन्यावर उंदरांसाठी लाकूड-जाळीचा भूलभुलैया केला होता, आणि पुढे अशा भूलभुलैयांची परंपराच निर्माण झाली. त्यांत उंदराला उपाशी ठेवून खाण्याचे आमिष दाखवावे लागे, आणि वाट आठवून आला की वास घेत आला, हा संशय शिल्लक राही. पाण्यावर वासाचा माग टिकत नाही आणि कोणाला उपाशीही ठेवावे लागत नाही.

मग उंदीर वाट कशाच्या आधाराने काढतो? भिंतीवरचा काळा चौकोन, दार, कपाट यांच्या आधाराने. बडोद्याच्या जुन्या शहरात कोणत्याही दरवाजाने शिरले, तरी शहराच्या मधोमध असलेली मांडवी ही जुनी इमारत कोणत्या बाजूला आहे यावरून माणूस आपली जागा ताडतो. तसेच हे आहे. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग निकामी केलेल्या उंदरांना दडवलेला चौथरा शोधणे फार जड जाते, पण तोच चौथरा पाण्याबाहेर दिसू लागला की ते तो सहज गाठतात, असे मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले. म्हणून चौथऱ्यावर झेंडी लावून घेतलेली वेगळी चाचणी कधीही टाळू नये. ज्याला झेंडीही सापडत नाही, त्याची दृष्टी किंवा पायांतले बळ कमी असू शकते आणि त्याचे अपयश स्मृतीच्या खात्यावर लिहिणे चूक ठरते.

शेवटी चौथरा काढून घेतात. उंदीर पूर्वीच्या जागेभोवती घुटमळत राहिला तर त्याला जागा आठवते. हौदाचे चार सारखे भाग कल्पिले, तर चारही भागांत सारखाच फिरलेल्या उंदराचा प्रत्येक भागात सुमारे २५ टक्के वेळ जातो.

आमच्याकडे ऋतूही प्रयोगात हात घालतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की उंदीर शोध सोडून नुसता तरंगत राहतो, आणि जानेवारीच्या सकाळी ते इतके गार असते की तो गारठतो व हातपाय मंदावतात. म्हणून पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी कधी बर्फ, कधी हीटर वापरावा लागे. दुधाची भुकटी टाकली तर उन्हाळ्यात हौद दुपारपर्यंत नासे, म्हणून आम्ही निर्विष पांढऱ्या रंगाकडे वळलो.

एका दिवाळीत मात्र चूक आमच्याच हातून झाली. शिकवणी सुट्टीपूर्वी पूर्ण झाली होती आणि अखेरची चाचणी सुट्टीनंतर होती. औषध दिलेले आणि न दिलेले असे दोन्ही गट दिशाहीन पोहू लागले, तेव्हा आम्ही प्रथम औषधाच्या मात्रेचा, मग उंदरांच्या प्रकृतीचा विचार केला. दोन दिवस वह्या चाळल्यानंतर एका विद्यार्थिनीच्या लक्षात आले की सुट्टीत भिंतींना रंग दिला गेला होता, काळा चौकोन परत लावलाच नव्हता आणि लोखंडी कपाट समोरच्या भिंतीला गेले होते. उंदीर काही विसरले नव्हते. त्यांच्या खुणाच आम्ही पुसल्या होत्या. दोन्ही गटांचे सर्व आकडे आम्ही रद्द केले, प्रयोग नव्या उंदरांवर पहिल्यापासून केला, आणि कपाटाच्या चारही पायांभोवती फरशीवर पिवळ्या रंगाच्या रेघा आखून घेतल्या.