समाधानकारक शैक्षणिक प्रगती (अमेरिका)

अमेरिकेच्या संघीय सरकारकडून मिळणारे शिक्षण-अनुदान, कर्ज किंवा 'वर्क-स्टडी'चे (शिकताना अर्धवेळ काम करून मिळणारे) पैसे शिक्षण चालू असताना बंद पडू नयेत म्हणून विद्यार्थ्याने पाळायची अट. हे साहाय्य १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याखाली दिले जाते. कॉलेजांत या अटीला 'सॅटिस्फॅक्टरी ॲकॅडेमिक प्रोग्रेस'च्या आद्याक्षरांवरून 'सॅप' म्हणतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना हे साहाय्य मिळत नाही. नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी काही ठरावीक गटांनाच मिळते.

दरवर्षी 'फॅफ्सा' हा संघीय साहाय्याचा अर्ज नव्याने भरावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण अर्ज वेळेवर भरला म्हणजे काम झाले, असे नाही. कॉलेज प्रगती तीन बाजूंनी तपासते. पहिली बाजू गुणांची: दोन वर्षांहून मोठ्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी किमान 'सी' किंवा पदवीच्या निकषांना पुरेल इतकी असावी लागते. बहुतेक ठिकाणी पदवीसाठी २.० जीपीए (४.० पैकी गुणांची सरासरी) ही रेषा असते. दुसरी बाजू एकूण मुदतीची: पदवी १२० क्रेडिटची (क्रेडिट हे विषयाचे वजन मोजायचे एकक) असेल, तर त्याच्या दीडपट, म्हणजे १८० क्रेडिटचा प्रयत्न होईपर्यंत ती पूर्ण व्हायला हवी. त्या मर्यादेत पदवी होणे अशक्य आहे असे हिशेबात दिसले, की १८० चा आकडा गाठण्याआधीच पात्रता जाते. तिसरी बाजू वेगाची, आणि ती याच दीडपटीतून येते: घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के उत्तीर्ण व्हावे लागतात.

अडचण होते ती बहुधा या वेगापाशी. पहिल्या सत्रात तीन-तीन क्रेडिटचे पाच विषय घेतलेली विद्यार्थिनी समजा. दोन विषय जड गेले, म्हणून ते बदलण्याची मुदत टळल्यावर तिने सोडले. गुणपत्रिकेवर त्यांच्यापुढे 'डब्ल्यू' (विषय सोडल्याची खूण) आला, उरलेल्या तिन्हींत 'ए'. जीपीए ४.०! पण हिशेबात १५ पैकी ९, म्हणजे ६० टक्केच. 'डब्ल्यू'ने सरासरीला धक्का लागत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. वेगाच्या हिशेबात मात्र तो नापास विषयाइतकाच महाग पडतो. अपूर्ण राहिलेला विषय आणि पुन्हा घेतलेला विषयही 'प्रयत्न' म्हणून मोजले जातात. म्हणून विषय सोडण्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी अर्थसाहाय्य कार्यालयात विचारावे. तेवढ्या चौकशीने पुढचे सत्र वाचू शकते.

तपासणी दर सत्राला होत असेल, तर कॉलेज आधी एका सत्राची ताकीद देऊ शकते आणि त्या काळात पैसे चालू राहतात. वर्षातून एकदाच तपासणी करणाऱ्या कॉलेजात ही सोय नसते. तिथे साहाय्य थेट थांबते. मग कॉलेज अपील घेत असेल, तर तोच मार्ग. जवळच्या नातलगाचा मृत्यू, स्वतःचे आजारपण किंवा दुखापत, अन्य विशेष परिस्थिती ही त्याची कारणे. अर्जात दोन गोष्टी लिहाव्या लागतात: प्रगती का अडली आणि आता काय बदलले. पहिल्या प्रश्नावर विद्यार्थी पानभर लिहितात आणि दुसऱ्यावर एक ओळ. खरे तर दुसऱ्या उत्तरालाही तेवढीच जागा द्यायला हवी. उपचार संपले, कामाचे तास कमी केले, शिकवणी लावली, असे नेमके लिहावे. अपील मान्य झाले तर एका सत्राची परिवीक्षा (साहाय्य चालू ठेवून प्रगती पाहण्याचा काळ) मिळते, किंवा ठरवून दिलेल्या अभ्यास-योजनेनुसार चालावे लागते.

सगळेच विषय सोडून सत्राच्या मध्येच बाहेर पडणे ही वेगळी गोष्ट. सत्राचे ६० टक्के दिवस उलटण्याआधी गेल्यास जितके दिवस झाले तितक्याच प्रमाणात साहाय्य 'कमावलेले' धरतात. ३० टक्के सत्र झाले असेल, तर ७० टक्के रक्कम न कमावलेली ठरते आणि परतफेडीचा हिशेब सुरू होतो. कॉलेजने आपला वाटा सरकारला परत केला, की फीचे तेवढे बिल विद्यार्थ्याच्या नावावर उभे राहू शकते.

गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या पेल या संघीय अनुदानाला आयुष्यभरासाठी पूर्णवेळ १२ सत्रांएवढी मर्यादा आहे. संघीय कर्जासाठी निदान अर्धवेळ नोंदणी लागते. त्याखाली गेल्यास 'डायरेक्ट' या संघीय कर्जाची हप्ते न भरण्याची सहा महिन्यांची सवलत सुरू होते आणि ती संपल्यावर हप्ते. राज्य सरकारच्या आणि कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांचे नियम वेगळे असतात. गुणवत्तेवर मिळालेल्या शिष्यवृत्तीला अनेकदा २.० पेक्षा बराच वरचा जीपीए लागतो.