हिवाळ्यात गॅस गिझरचे पाणी कोमट का येते?

नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरू लागला की गॅस गिझरविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते: दिवाळीपर्यंत कढत येणारे पाणी आता जेमतेम कोमट येते. मेकॅनिकला बोलावण्याआधी बादली, घड्याळ आणि तापमापी घेऊन एक छोटी मोजणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. कारण पुष्कळदा गिझरमध्ये बिघाड नसतोच.

गॅस गिझर पाणी साठवत नाही. नळीतून वाहणाऱ्या पाण्याला तो ठरावीक वेगाने उष्णता देतो, आणि त्यामुळे तापमान किती वाढेल हे पाणी किती वेगाने वाहते यावर ठरते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.१९ किलोजूल उष्णता लागते. म्हणून मिनिटाला येणारे लिटर, तापमानातील वाढ आणि ०.०७ यांचा गुणाकार केला, की गिझर प्रत्यक्षात किती किलोवॉट उष्णता पाण्याला देतो ते कळते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापत असेल, तर हे उत्तर साडेदहा किलोवॉट येते. हाच गिझर टाकीतले २८ अंशांचे पाणी ५३ अंशांपर्यंत नेतो. पण गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभराच्या गारठ्याने १५ अंशांवर आले असेल, तर नळाला ४० अंशांचेच पाणी येणार आणि बादलीत पडेपर्यंत तेही निवणार. अशा वेळी प्रवाह ४ लिटरवर आणला, की त्याच आचेवर वाढ साडेसदतीस अंशांची होते.

मोजणी सोपी आहे. मिक्सरचा थंड पाण्याचा नळ पूर्ण बंद ठेवून २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहावे, आणि टाकीतून येणाऱ्या व गिझरमधून निघणाऱ्या पाण्याचे तापमान घ्यावे. उत्तर गिझरवर छापलेल्या क्षमतेच्या जवळपास असेल, तर दोष थंडीचा आहे. क्षमता ठीक असूनही नळाचे पाणी गार वाटत असेल, तर गिझरकडे जाणारा पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ सोडावा. तरीही धार चालू राहिली, तर मिक्सरमधून थंड पाणी गरम पाण्यात शिरते आहे.

उत्तर क्षमतेपेक्षा बरेच कमी आले, तर मात्र आत पाहावे लागते. गिझर पेटतो तो पाण्याच्या दाबावर: वाहते पाणी एका रबरी पडद्याला ढकलते आणि तो पडदा गॅसची झडप उघडतो. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर सुमारे एक बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर तीनच मीटर उंची मिळाली तर ०.३ बारच उरतो. त्यात पाणी आत येते त्या तोंडाशी असलेल्या जाळीत बारीक वाळू अडकली, की पडदा अर्धवट सरकतो आणि ज्योत लहान राहते किंवा विझते. पाणी व गॅस बंद करून ही जाळी जुन्या दातघासणीने घरीही साफ करता येते.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत क्षारांचा प्रश्न अधिक असतो. खडकातून झिरपताना पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर कार्बन डायऑक्साइड सोडते आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात नळीला आतून चिकटते. नळीचे तांबे या थरापेक्षा शंभरपटींहून अधिक उष्णतावाहक आहे, त्यामुळे पातळ थरही उष्णता अडवतो. सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण फिरवून तो काढता येतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

सुरुवातीला पाणी गरम येऊन काही मिनिटांत ते उतरू लागले, तर सिलिंडरकडे पाहावे. द्रवरूप गॅसची वाफ होताना सिलिंडर गार होतो. आणि या गॅसमधला ब्युटेन शून्याच्या जरा खालीच उकळत असल्याने, सिलिंडर संपत आला असता पहाटे दाब चटकन घटतो. पण तेवढ्यासाठी सिलिंडर गरम पाण्यात ठेवण्याचा किंवा शेकण्याचा उपाय कोणीही करू नये.

ज्योतीचा रंग मात्र दर वेळी पाहावा. निळ्याऐवजी पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे गॅस अपुऱ्या हवेत जळतो आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे. या वायूला वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. गिझर बंद न्हाणीघरात बसवलेला असेल, तर पाणी कितीही छान तापत असले तरी तो बाहेर मोकळ्या हवेत हलवावा, आणि पिवळी ज्योत दिसल्यास बर्नर साफ करून घेतल्याशिवाय तो पुन्हा पेटवू नये.