फॅन पाम घरी नेताय? मग हे आधी वाचा

फॅन पाम, म्हणजे पंख्यासारख्या पानाचा पाम, नेल्यावर महिन्याभरात बऱ्याच जणांचा फोन येतो की पानांच्या कडा तपकिरी पडल्या, खत देऊ का? खत नको. आधी हे झाड येतं कुठून ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

आमच्याकडचा गोल, न फाटलेल्या पानाचा पाम म्हणजे लिक्युआला ग्रँडिस, मूळचा वनुआतू आणि सॉलोमन बेटांकडचा. मोठ्या झाडांच्या सावलीत, दमट हवेत, वारा न लागता वाढणारा, त्यामुळे कडक ऊन, एसीची कोरडी हवा किंवा गॅलरीतला वारा लागला की ते सुंदर पान करपतं नाहीतर चिरतं. त्याचा भाऊबंद लिक्युआला रामसेई ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पावसाळी जंगलात दलदलीच्या जागी उभा असतो, पान 2 मीटरपर्यंत रुंद, आणि त्याची फळं कॅसोवरी हा मोठा पक्षी अख्खी गिळतो आणि बिया लांबवर नेऊन टाकतो.

एवढं मोठं, चुण्या पडलेलं पान हाताशी असल्यावर माणसं ते वापरणारच ना! फिलिपिन्समध्ये अनाहाव या फॅन पामच्या पानांनी घरं शाकारतात, पंखे करतात, जेवण गुंडाळतात. आसाममध्ये टोकौ या फॅन पामच्या पानांची जापी बनते, म्हणजे आपल्या इरल्यासारखी रुंद टोपी, ऊनपाऊस दोन्हीला चालणारी. आणि दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या त्रिभुज प्रदेशातले वाराओ हे आदिवासी लोक तर मोरिचे नावाच्या फॅन पामवरच जगत आले, खोडातून पिठूळ सत्त्व, कोवळ्या पानांच्या धाग्यांचे झोपाळे, फळं खायला, सगळं एकाच झाडातून.

पण याच मोरिचेला पेरू देशात आग्वाहे म्हणतात, तिथे फळांसाठी अख्खी झाडंच तोडली गेली, आणि फळं फक्त मादी झाडाला लागतात म्हणून कित्येक ठिकाणी मादी झाडंच कमी झाली. आता चढून फळं काढायला शिकवतात, हे आम्हाला मनापासून पटतं. पान घेतलं तर पाम जगतो, पण पामच्या एका खोडाला वाढीचा शेंडा एकच, तो गेला की ते खोड संपलं.

म्हणून तुम्हीही कात्री लावाल तर फक्त पूर्ण वाळलेल्या पानाला लावा, मधल्या मिटलेल्या कोंबाला कधीच नाही. माती ओलसर ठेवा, पण कुंडीच्या खालच्या भोकातून पाणी निघून जाऊ द्या. वर्षात मोजकीच नवी पानं येतात, झाड मुळात सावकाश वाढणारं आहे, तेव्हा घाईने कुंडी बदलू नका, आणि बदलताना मुळं मोकळी न करता मातीचा गोळा तसाच उचला. देठाच्या खालच्या भागात काटे असतात, घरात लहान मुलं असतील तर कुंडी जरा आडबाजूला ठेवा.